नव्या सुनांची पिल्लं : भंडारा जिल्ह्यातल्या एका वराहशाळेतलं रोटाविषाणूच्या हगवणीचं प्रकरण

भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेपासून फार लांब नसलेल्या एका गावात ही वराहशाळा आहे. मालक तिशीतला, कृषी पदविका घेतलेला. घरची चार एकर धानाची शेती आणि जोडीला पाच माद्यांवर सुरू करून वाढवलेला हा धंदा. प्रकरण घडलं तेव्हा त्याच्याकडे यॉर्कशायर आणि लँडरेस संकराच्या १४ जुन्या माद्या, २ नर आणि नुकत्याच आणलेल्या ८ पहिलारू माद्या होत्या. खाद्य म्हणजे जवळच्या राईस मिलचा कोंडा आणि कनकी, मका, सोयाबीनची ढेप, खनिज मिश्रण. हॉटेलचं उष्टं तो घालत नाही. २०२० साली आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा, उष्ट्यातूनही पसरणारा विषाणूरोग आल्याची बातमी वाचली आणि त्यानं ते कायमचं बंद केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण हगवणीच्या प्रकरणात ‘खायला काय घालता’ हा पहिला प्रश्न असतो आणि इथं तिथं काही सापडलं नाही.

मार्गशीर्षातली थंडी होती. सकाळी सातला त्याचा फोन आला. आवाज बसलेला. “डॉक्टरसाहेब, आठ दिवस झाले पिल्लं हागून रायली. इंजेक्शनं देऊन देऊन थकलो जी. आज पुन्हा तीन गेले.”

मी पोहोचलो तेव्हा हगवणीनं मेलेल्या पिल्लांचा आकडा १४ झाला होता, आणि ती सगळी पाच माद्यांच्या वेतांमधली होती. पिलं साधारण चार-पाच दिवसांची झाली की हगवण सुरू होई. रंग पिवळट पांढरा, पाण्यासारखी पातळ, त्यात दह्यासारखे कण. रक्त नाही. काही पिल्लं ओकत होती, पण थोडीच. डोळे खोल गेलेले, शेपटीखालची कातडी लाल, अंगावरची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहत होती. ताप मात्र एकालाही नव्हता. उलट दोन पिल्लांचं अंग ९६ अंश फॅरनहाइटपर्यंत गार पडलेलं. आणि त्यांच्या आया? त्या मजेत उभ्या होत्या, खात होत्या, कास भरलेली होती.

मालकानं तोवर काय काय दिलं होतं त्याचा हिशेब त्यानं वहीत लिहून ठेवला होता. त्याची ही सवय पुढं फार उपयोगी पडली. एन्रोफ्लॉक्सॅसिन, मग निओमायसिन ही प्रतिजैविकं, मग एका दुकानदारानं कपाटाच्या मागून काढून दिलेली कोलिस्टिनची पाकिटं. भारत सरकारनं जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली आहे. माणसांच्या अतिदक्षता कक्षात सगळी औषधं हरली की डॉक्टर ज्या औषधाकडे वळतात, ते हे. उरलेली पाकिटं मी बाजूला काढायला लावली. शिवाय हगवण थांबावी म्हणून त्यानं दोन वेतांना दिवसातून काही तास आईपासून वेगळंही ठेवलं होतं. ते ऐकून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. का, ते पुढं येईल.

प्रकरणाची गाठ मी सोडवली नाही. ती सोडवली मालकाच्या आईनं. मावशी रोज पहाटे विण्याच्या खोलीतलं तणस बदलतात. मी पिल्लं तपासत असताना त्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, एक गोष्ट पाहा ना. जुन्याईच्या पिल्लायले काहीच नाही झालं. ह्या नव्या सुनायचीच लेकरं मरून रायली.”

मी वही मागितली. नऊ माद्या व्यायल्या होत्या. पाच नव्या पहिलारू, चार जुन्या. नव्या पाचांची जिवंत जन्मलेली पिल्लं ४७, त्यातली १४ गेलेली आणि उरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक हागत होती. जुन्या चारांची पिल्लं ४१, गेलेली ३, आणि त्यातली दोन आईच्या अंगाखाली चिरडून. खोली तीच, भिंत एक, झाडू एक, खाद्य एक. पिंजऱ्याला पिंजरा लागून. पलीकडच्या पिंजऱ्यातलं पिल्लू सुकून मरत होतं आणि अलीकडचं तरतरीत, आईच्या सडाला लागलेलं. असा फरक दिसला की रोगाचा विचार थोडा बाजूला ठेवून दुधाचा विचार करायचा, हे मला त्या सकाळी सुचायला हवं होतं. मावशींना ते आधी दिसलं.

निदान

वयावरून बरंच कळतं. पहिल्या तीन-चार दिवसांत जोराची पाण्यासारखी हगवण लागली तर ई. कोलाय जिवाणूचा संशय घ्यावा. पहिल्याच आठवड्यात रक्ताळ हगवण आणि पटापट मरतुक असेल तर क्लॉस्ट्रिडियम जिवाणू. दुसऱ्या आठवड्यात मलमासारखी, कोणत्याही प्रतिजैविकाला न जुमानणारी हगवण असेल तर कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी. आणि खोलीतली सगळीच जनावरं, आया सुद्धा, एकदम ओकू-हागू लागली, पहिल्या आठवड्यातलं जवळजवळ प्रत्येक पिल्लू गेलं, तर कोरोनाविषाणूंची शंका येते. त्यातला टीजीई (ट्रान्समिसिबल गॅस्ट्रोएन्टरायटिस) हा आजार १९४६ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पहिल्यांदा नोंदला गेला. पीईडी (पोर्साइन एपिडेमिक डायरिया) १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये दिसला आणि २०१३ मध्ये अमेरिकेत शिरून त्यानं वर्षभरात सुमारे ७० लाख पिल्लं मारली असं मानलं जातं. इथं आया ठणठणीत होत्या आणि जुन्या माद्यांची पिल्लं वाचत होती. नव्या रानात शिरलेला कोरोनाविषाणू असा निवडून मारत नाही.

पिशवीत लिटमस कागद असतो. ताज्या विष्ठेत बुडवला, तर निळा कागद लाल झाला. ही साधी खूण आहे, पण खेड्यात तिच्याइतकं काम दुसरं काही देत नाही. ई. कोलायचं विष आतड्याच्या भिंतीतून क्षारयुक्त पाणी बाहेर काढायला लावतं, म्हणून ती विष्ठा अल्कधर्मी असते. विषाणूची हगवण वेगळी. तिथं दूध पचतच नाही. दुधातली साखर तशीच खाली उतरते, आंबते आणि विष्ठा आम्लधर्मी होते. सहा पिल्लांची तपासली, पाच आम्लधर्मी निघाली.

तासाभरापूर्वी मेलेलं एक पिल्लू तिथंच उघडलं. पोटात दुधाचा घट्ट गोळा. म्हणजे शेवटपर्यंत ते पीत होतं. लहान आतडं इतकं पातळ की आतलं पिवळं पाणी बाहेरून दिसावं, जणू ओला पतंगाचा कागद. आतड्याच्या पडद्यात एरवी दूध पचलं की पांढऱ्या रेषा दिसतात, चरबी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या. इथं एकही नव्हती. पिल्लू दूध पिऊन उपाशी मेलं होतं. मग आतड्याचा बोटभर तुकडा चिरून काचेच्या बशीत स्वच्छ सलाईनमध्ये ठेवला आणि भिंगातून पाहिला. निरोगी पिल्लाच्या आतड्यात रसांकुर, म्हणजे अन्न शोषणारे केसासारखे बारीक उंचवटे, मखमलीसारखे पाण्यात डुलतात. इथं कापलेल्या धानाच्या शेतासारखी खुंटं उरली होती.

हगणाऱ्या पाच वेतांची आणि, मावशींच्या वाक्यामुळं, निरोगी दोन वेतांचीही विष्ठा थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून नागपूरला पाठवली. आठवड्यानं अहवाल आला. रोटाविषाणू, अ गट. रोटाविषाणूचा जनुकसाठा ११ तुकड्यांचा असतो. ते जेल नावाच्या लुसलुशीत थरातून विजेनं पळवले की अ गटात चार, दोन, तीन, दोन अशा टोळक्यांनी रेषा उमटतात. ती ओळख पाचपैकी चार वेतांत मिळाली. मात्र माझ्या दृष्टीनं अहवालातली महत्त्वाची ओळ शेवटची होती. निरोगी दोन वेतांपैकी एकातही, अधिक बारीक चाचणीत, हाच विषाणू सापडला होता.

म्हणजे विषाणू दोन्हीकडे होता. आजार एकीकडेच होता.

दुधातून उतरलेला अनुभव

मालकाचा पहिला निष्कर्ष असा होता की नव्या माद्यांनी रोग आणला. परराज्यातल्या फार्मवरून आणल्या होत्या, त्यामुळं त्या विक्रेत्याला तो फोनवर बरंच बोललाही होता. मला ते पटलं नाही. रोटाविषाणू जगातल्या जवळपास प्रत्येक वराहशाळेत असतो. मोठ्या माद्या आजारी न पडता तो विष्ठेतून टाकत राहतात, आणि नेमक्या विण्याच्या आसपास जास्त टाकतात. पिल्लाला तो बहुधा आईकडूनच किंवा खोलीच्या फरशीवरूनच मिळतो. आणि हा विषाणू चिवट आहे. कोरोनाविषाणूंभोवती चरबीचं वेष्टन असतं, साबणानं, उन्हानं ते फुटतं, म्हणून ते हिवाळ्यात जोरात आणि उन्हाळ्यात मलूल असतात. रोटाला तसं वेष्टनच नाही. सावलीतल्या विष्ठेत तो सात ते नऊ महिने जिवंत राहतो. या खोलीत गेल्या दोन वर्षांत सगळे पिंजरे एकदम रिकामे झाले नव्हते. एक व्यायली, दुसरी आत आली. दर वेतामागं फरशीवरचा साठा वाढतच गेला.

जुन्या माद्यांनी हा विषाणू तीन-चार वर्षं पाहिला होता. त्यांच्या आतड्याच्या भिंतीतल्या पेशींनी तो ओळखला होता. गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत त्यातल्या काही पेशी रक्तातून कासेकडे जातात आणि तिथं आयजीए नावाची प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी प्रथिनं) तयार करतात. ती दुधात उतरतात. आतड्यानं शिकायचं आणि कासेनं पाजायचं, हा रस्ता १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायोमध्ये एडवर्ड बोल आणि लिंडा सैफ यांच्या कामातून उलगडत गेला. त्यांना दिसलं ते असं की तोंडावाटे खरा संसर्ग झालेल्या माद्यांच्या दुधात आयजीए भरपूर असतं आणि पिल्लं वाचतात. सुईनं लस दिलेल्या माद्यांच्या दुधात मुख्यतः आयजीजी हे रक्तातलं दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड असतं आणि ते तितकं वाचवत नाही. मला हा शोध आजही थक्क करतो. सुई रक्ताला शिकवते, पण पिल्लाच्या आतड्याचं रक्षण करायला आईचं आतडं शिकावं लागतं.

माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं वारेतून, पोटातच मिळतात. डुकराची वार सहा पदरांची, त्यातून प्रतिपिंडं पार होत नाहीत. पिल्लू जन्मतं ते अगदी उघडं. त्याला पहिलं कवच मिळतं चिकातून, आणि तेही वेळेत मिळालं तर. जन्मल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत आतड्याची दारं बंद होतात, त्यानंतर चीक पोटात गेला तरी त्यातली प्रतिपिंडं रक्तात जात नाहीत. एका पिल्लाला पहिल्या दिवसात निदान २०० ग्रॅम, शक्यतो २५० ग्रॅम चीक मिळावा लागतो. पण चिकातलं रक्तात गेलेलं आयजीजी रोटाशी लढायला फारसं पुरत नाही, कारण लढाई रक्तात नसते, आतड्याच्या पोकळीत असते. तिथं लागतं दुधातलं आयजीए, आणि ते भिंतीवर लेप दिल्यासारखं दर घोटाला नव्यानं यावं लागतं. डुकराचं पिल्लू साधारण तासाभरानं पितं. आईपासून चार तास वेगळं ठेवलं, तर चार तास ते आतडं उघडं पडलं. हगवण थांबावी म्हणून मालकानं नेमकं तेच केलं होतं. गायीच्या वासराचं दूध तोडतात हे बघून त्याला ते सुचलं होतं. त्याचा हेतू चांगला होता.

आता नव्या सुना. त्यांच्या चिकात प्रतिपिंडं नव्हती असं नाही. त्यांच्या माहेरच्या विषाणूंविरुद्धची होती. रोटाचे अ, ब, क असे गट आहेत, आणि एका गटाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. अ गटातही बाहेरच्या दोन प्रथिनांवरून अनेक प्रकार पडतात, आणि त्यांच्यातलं एकमेकांचं संरक्षण अर्धवटच असतं. माहेरी जे पाहिलं ते सासरी जसंच्या तसं उपयोगी पडलं नाही.

आणि इथं मला माझी चूक लिहावी लागेल. यातल्या आधी व्यायलेल्या पाच माद्या साधारण ८० दिवसांच्या गाभण असताना आल्या. डुकराचा गाभणकाळ ११४ दिवसांचा. आपल्याकडं ‘तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस’ असं लक्षात ठेवतात. आफ्रिकन स्वाइन फीवरची धास्ती मनात होती, त्यामुळं मीच मालकाला बजावलं होतं की ३० दिवस वेगळं ठेव. शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या धानाच्या कोठारात त्या राहिल्या. वेगळा माणूस, वेगळी बादली, वेगळे बूट. त्यानं ते अक्षरशः पाळलं. विलगीकरण चोख झालं, आणि म्हणूनच या फार्मच्या विषाणूशी त्यांची ओळखच झाली नाही. ११० व्या दिवशी त्या थेट विण्याच्या खोलीत गेल्या, विषाणूनं भरलेल्या फरशीवर. आई आणि पिल्लू यांना विषाणू एकाच आठवड्यात भेटला. कासेत आयजीए तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढा वेळ कुणालाच मिळाला नाही. विलगीकरण सांगताना त्याला जोडून ओळख करून देणं सांगायचं मी विसरलो होतो. त्या पिल्लांच्या मरणात माझ्या अर्धवट सल्ल्याचा वाटा आहे.

त्या पंधरा दिवसांत काय केलं

प्रतिजैविकं बंद केली. विषाणूवर ती चालत नाहीत, आणि आतड्यातले उपयोगी जिवाणू मात्र जातात. एका वेतात विष्ठा अल्कधर्मी निघाली होती, त्या एकाच वेताला औषध चालू ठेवलं.

आईचं दूध सगळ्यांना पूर्णवेळ पुन्हा सुरू केलं. उथळ ताटलीत कोमट ओआरएस ठेवलं. एक पाकीट एक लिटर पाण्यात, दर चार तासांनी ताजं. रोटानं रसांकुरांच्या टोकाच्या पेशी मरतात, पण तळाशी असलेल्या पेशींना थोडं मीठ-साखर-पाणी शोषता येतं. फार सुकलेल्या अकरा पिल्लांना मी पोटाच्या पोकळीत कोमट सलाईन दिलं. त्यातली सात वाचली.

मग ऊब. याबद्दल मी फार आग्रही आहे. रात्री पारा नऊ-दहावर उतरत होता आणि नवजात पिल्लाला ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते. गारठलेलं पिल्लू पीत नाही, प्यायलं नाही की आयजीए मिळत नाही, आणि आतड्यांची हालचाल मंदावली की विषाणू तिथंच रेंगाळतो. बल्ब होते, पण रात्री वीज जात होती. मावशींनी प्रत्येक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तणसाचा जाड थर दिला, वर पोत्याचं छप्पर बांधलं, आणि पिल्लं एकमेकांच्या उबेनं त्यात झोपू लागली. ओलं झालं की दिवसातून तीनदा बदलायचं. हे काम कोणत्याही औषधापेक्षा जास्त मोलाचं ठरलं.

खरा निर्णय उरलेल्या तीन नव्या माद्यांबद्दल होता. त्या व्यायला दहा-बारा दिवस बाकी होते. मुद्दाम विषाणू दाखवावा, तर आयजीए तयार व्हायला वेळ नाही, उलट त्या नेमक्या विण्याच्या दिवशी विषाणू टाकत राहतील. म्हणून उलट केलं. त्यांना विण्याच्या खोलीत आणलंच नाही. त्या धानाच्या कोठारातच, कोरड्या जागेत व्यायल्या. तिथली फरशी आधी खरवडून, पाण्यानं धुऊन, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं घासून, वाळवून चुना मारला होता. शेण-विष्ठा निघाल्याशिवाय जंतुनाशक ओतणं म्हणजे पैसे ओतणं. तिथं काम करणारा माणूस आधी कोठारात जायचा आणि मग बाकी फार्मवर, कधीच उलटं नाही. जुन्या दोन माद्या त्याच आठवड्यात व्यायल्या, त्यांचा थोडा चीक हातानं काढून मावशींनी घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला आणि कोठारातल्या पिल्लांना पहिले पाच दिवस थोडा थोडा पाजला.

हगवण तिथंही आली. पण बाराव्या-तेराव्या दिवशी आली. हा आठवडाभराचा उशीरच पिल्लांना वाचवून गेला. नवजात पिल्लाच्या आतड्यावरचं अस्तर नव्यानं भरून यायला आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो. तीन आठवड्यांच्या पिल्लात ते दोन-तीन दिवसांत भरतं. जो मार पाचव्या दिवशी जीव घेतो, तोच दोन आठवड्यांनी लागला तर पिल्लू सुकतं, थोडं मागं पडतं आणि सावरतं. विषाणूची मात्राही कमी असणार, स्वच्छ जागेमुळं. दुधाचं कवच कितीही चांगलं असलं तरी मात्रा फार मोठी झाली की ते तुटतं. म्हणून सफाई आणि दूध यातलं एक निवडता येत नाही.

आकडे असे. खोलीत व्यायलेल्या पाच नव्या माद्यांच्या ४७ पिल्लांपैकी अखेर १९ गेली. कोठारातल्या तिघींच्या २९ पैकी ४. जागा, चीक, ऊब अशा तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळं श्रेय कोणत्या एकीला देणार नाही.

दूध तुटल्यावर

दीड महिन्यानं पुन्हा फोन आला. यावेळी जुन्या माद्यांची पिल्लं हागत होती. दूध तोडून चौथा दिवस. मालक घाबरलेला होता, पण मला ऐकून आश्चर्य वाटलं नाही. ज्या दिवशी दूध तुटतं त्या दिवशी आयजीएचा लेप संपतो. ते कवच उसनं होतं. त्यांच्यातल्या काहींनी दूध पीत असताना, कवचाच्या आडून, हलका संसर्ग घेतला होता. ती पिल्लं हागली नाहीत. ज्यांना दुधानं पूर्ण झाकलं होतं, त्यांची विषाणूशी पहिली गाठ आता पडत होती. नव्या सुनांची वाचलेली पिल्लं त्याच कुंपणात होती, आणि त्यांच्यातलं एकही हागलं नाही. त्यांनी किंमत आधीच मोजली होती.

पाच-सहा दिवसांत सगळी सावरली. एकही मेलं नाही.

इथं एक गोष्ट मला नेहमी आठवते. १९८४ मध्ये बेल्जियममध्ये टीजीईच्या विषाणूचाच एक बदललेला भाऊ सापडला. त्याच्या बाहेरच्या काट्यासारख्या प्रथिनाचा एक तुकडा गळाला होता, त्यामुळं तो आतड्याऐवजी फुप्फुसात वाढू लागला. डुकरांना जेमतेम शिंका-खोकला देत तो हवेतून युरोपभर पसरला, आणि त्याच्यामुळं माद्यांत तयार झालेल्या प्रतिकारशक्तीनं टीजीईचे मोठे प्रकोप तिथं दुर्मिळ झाले. विषाणूचा प्रसार आणि प्रतिकारशक्तीचा प्रसार हे दोन वेगळे विषय समजून मी शिकलो होतो. फार्मवर ते एकाच फरशीवर घडतात.

पुढच्या पहिलारू माद्या

उन्हाळ्यात मालकानं स्वतःच्याच पिल्लांतून सहा माद्या राखल्या आणि चार बाहेरून आणल्या. यावेळी बाहेरच्या चौघी आणताना ५० दिवसांच्या गाभण होत्या, म्हणजे हातात दोन महिने. ३० दिवस विलगीकरण तेच, तितकंच कडक. त्यानंतर ओळख. दूध तोडलेल्या पिल्लांच्या कुंपणातली ताजी विष्ठा आणि जुन्या माद्यांची विष्ठा आठवड्यातून तीनदा खाऊ घालायची, विण्याच्या पाच आठवडे आधीपासून तीन आठवडे आधीपर्यंत, आणि मग पूर्ण थांबायचं. काही दिवस त्यांच्या विष्ठा पातळ झाल्या, खाणं थोडं कमी झालं. गाभ एकीचाही गेला नाही.

हे मी प्रत्येकाला सांगणार नाही. विष्ठा खाऊ घालणं म्हणजे तिच्यातलं सगळंच खाऊ घालणं. फार्मवर ताप, अचानक मरतुक, कातडीवर जांभळे डाग, गर्भपात यातलं काहीही असेल, क्लासिकल स्वाइन फीवरची (हा आफ्रिकनहून वेगळा आजार) लस वेळेवर झालेली नसेल, तर हा मार्ग बंद. मेलेल्या पिल्लाचं आतडं कधीही वापरायचं नाही. दुसऱ्या फार्मची विष्ठा तर मुळीच नाही. इथं मालकाची वही, लसीकरणाच्या तारखा आणि प्रयोगशाळेचा अहवाल समोर होता म्हणून मी हो म्हटलं, तरी त्या दोन आठवड्यांत मी एक दिवसाआड जाऊन ताप पाहत होतो.

दरम्यान विण्याची खोली मे महिन्यात पूर्ण रिकामी केली. सोड्याच्या पाण्यानं घासली, ब्लीचिंग पावडर, मग चुना, आणि तीन आठवडे दारं उघडी. विदर्भाचा मे काय असतो ते सांगायला नको; पत्र्याखालची फरशी हाताला भाजत होती. फुटलेल्या फरशीच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, कारण भेगेत साठलेल्या विष्ठेपर्यंत ऊनही पोहोचत नाही आणि खराटाही. आता माद्या गटानं आत येतात, गटानं बाहेर जातात, मधे निदान आठवडाभर खोली कोरडी.

कामावर येणाऱ्या बायांची लहान मुलं पूर्वी पिंजऱ्यांजवळ खेळत असत. तेही बंद केलं, आणि दारात साबण ठेवला. माणसाच्या बाळांना होणारा रोटा वेगळ्या वाणाचा असतो आणि २०१६ पासून त्याची लस सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्यानं आली आहे, पण या विषाणूचे जनुकांचे तुकडे प्राण्या-माणसांत अदलाबदल होतात हे पक्कं ठाऊक आहे. भारतातल्या त्या लसीकरणातल्या एका लसीचा मूळ विषाणूच माणसाच्या रोटात गुरांच्या रोटाचा एक तुकडा मिसळून निसर्गात तयार झाला होता.

त्या दहा माद्या श्रावणात व्यायल्या. पिल्लं ९६. हगवण तीन वेतांत दिसली, दुसऱ्या आठवड्यात, दोन-तीन दिवसांपुरती. दगावली ७, त्यातली चार पहिल्या दोन दिवसांत, अशक्त जन्मलेली. गेल्या हिवाळ्यातल्या नव्या सुनांपैकी सात जणी त्याच सुमारास दुसऱ्यांदा व्यायल्या, आणि त्यांच्या पिल्लांत हगवण जवळपास नव्हतीच. पण ते दिवस उबेचे होते, खोली नवी धुतलेली होती. या मेहनतीची खरी परीक्षा पौषात व्हायची आहे. तेव्हा व्यायला येणाऱ्या पाच पहिलारू माद्यांच्या पाठीवर मालकानं निळ्या रंगाची खूण केली आहे, आणि ओळख कोणत्या तारखेला सुरू करायची ते विण्याच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय. मावशी त्या तारखेपर्यंतचे दिवस रोज मोजतात.